उन्हाळ्यांतील ऐतिहासिक अंगरखा

ऐतिहासिक पोषाख म्हटला कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें मखमल, किनखाप, जरीची किनार आणि मोत्यांच्या माळा उभ्या राहतात. पोषाख जितका जड तितका तो जुना व खरा, अशी एक समजूत समाजांत रूढ होऊन बसली आहे. हे पोषाख रंगभूमीपुरतेच होते तोंवर या समजुतीचा त्रास फक्त नटांना होत असे. आतां ते घराघरांत शिरले आहेत. गुढीपाडव्याची शोभायात्रा डोंबिवलींत १९९९ सालीं निघाली आणि तिचें अनुकरण पुढें गांवोगांव झालें. या शोभायात्रा, १ मे रोजीं होणारे महाराष्ट्रदिनाचे कार्यक्रम आणि रायगडावरील ६ जूनचा राज्याभिषेकसोहळा हे सर्व प्रसंग चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत येतात. आपल्याकडील अत्यंत तापदायक दिवस नेमके हेच.

अशा दिवशीं आठदहा वर्षांच्या मुलाला बाळशिवाजी किंवा मावळा करून मिरवणुकींत उभें केलें जातें. भाड्यानें आणलेला त्याचा अंगरखा बहुधा पॉलिएस्टरच्या मखमलीचा असतो. आंतून त्याच जातीचें गुळगुळीत अस्तर, छाती भरदार दिसावी म्हणून आंत बसविलेला स्पंज, आणि पाठीला चेन! डोक्यावर पुठ्ठ्याची तयार पगडी असते. मिरवणूक दोन-तीन तास चालते; पोर लाल होतें, घामानें निथळतें, आणि फोटो चांगला आला म्हणून घरचीं माणसें समाधान मानतात. उन्हाची थट्टा करूं नये. नवी मुंबईंतील खारघर येथें १६ एप्रिल २०२३ रोजीं उघड्या मैदानावर झालेल्या एका समारंभांत उष्माघातानें दहाहून अधिक माणसें दगावलीं. तेथें जमलेला समुदाय तर रोजच्याच कपड्यांत होता.

तेव्हां उन्हाळ्यांत अंगावर ठेवतां येईल असा हलका, आणि तरीहि ज्या काळाचा म्हणावयाचा त्या काळाला शोभणारा अंगरखा मिळवावा कसा, हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. त्याचें उत्तर शोधतांना एक साधी गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. ज्या पूर्वजांचे वेष आज घेतले जातात ते पूर्वज याच देशांत आणि याच उन्हांत राहत होते. त्यांच्याजवळ विजेचे पंखे नव्हते. त्यांचा रोजचा अंगरखा जर आजच्या भाड्याच्या अंगरख्यासारखा असता, तर चैत्रवैशाखांत मोहिमा काढणें त्यांना अशक्य झालें असतें.

अंगावरील कपड्याचा आणि उष्णतेचा संबंध काय, हें आधीं पाहूं. मनुष्याच्या शरीराचें आंतील उष्णतामान सुमारें ३७ अंश सेल्सिअस असतें. कातडीचें त्याहून थोडें कमी, सुमारें ३३ ते ३५ अंश. हवा कातडीपेक्षां थंड असेल तोंवर शरीराची उष्णता आपोआप बाहेर जात राहते. हवेचें मान ३५ अंशांवर गेलें म्हणजे हा मार्ग खुंटतो. उलट हवाच शरीराला तापवूं लागते. मग घामाची वाफ होऊन जाणें हा एकच उपाय शरीराजवळ उरतो. घाम नुसता येऊन भागत नाहीं, तो उडून गेला पाहिजे. मातीच्या माठांतील पाणी थंड होतें तें माठ पाझरतो आणि पाझरलेलें पाणी वाऱ्यानें उडून जातें म्हणून. त्याच माठाला बाहेरून तेलरंगाचा जाड लेप दिला तर त्यांतलें पाणी कधींहि थंड होणार नाहीं. स्पंज व अस्तर लावलेला पॉलिएस्टरचा अंगरखा म्हणजे शरीररूपी माठाला दिलेला असा लेपच होय.

धाग्याधाग्यांतहि मोठा फरक आहे. मध्यम दमट हवेंत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारें ८ ग्रॅम ओलावा स्वतःमध्यें सामावून घेतो. रेशीम सुमारें ११ ग्रॅम आणि लोकर सुमारें १६ ग्रॅम घेते. पॉलिएस्टर मात्र अर्धा ग्रॅमहि घेत नाहीं. खेळाडूंचे सदरे याच धाग्याचे असतात, मग त्यांना त्रास कां होत नाहीं, असें कोणी विचारील. ते सदरे जाळीदार विणीचे व अत्यंत पातळ असतात, आणि त्यांना अस्तर नसतें. दोष एकट्या धाग्याचा नाहीं. घट्ट वीण, जाडी आणि अस्तर हीं तिन्हीं त्या धाग्याबरोबर एकत्र आलीं म्हणजे अनर्थ होतो.

कपड्याचा सैलपणा हा रंगापेक्षांहि महत्त्वाचा ठरूं शकतो. सिनाईच्या व नेगेवच्या वाळवंटांतील बदाऊन लोक काळे झगे कां वापरतात, याची परीक्षा कांहीं शास्त्रज्ञांनीं केली व तिचा वृत्तांत १९८० सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. काळा झगा पांढऱ्यापेक्षां अधिक ऊन शोषून घेतो हें खरेंच ठरलें. परंतु ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोंचत नाहीं, असेंहि दिसून आलें. झगा ऐसपैस असल्यामुळें त्याच्या आंत हवा खेळत राहते आणि ती उष्णता बाहेरच्या बाहेर घेऊन जाते. तोच काळा कपडा अंगाला चिकटून बसणारा असता तर हा लाभ मिळाला नसता.

आतां इतिहासाकडे वळावें. अबुल फजल यानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथांत बादशाही वस्त्रागारांतील कपड्यांची नोंद आहे. तींत ‘तकौचिया’ नांवाचा एक अंगरखा येतो. हा हिंदी धर्तीचा, आणि विशेष म्हणजे बिनअस्तराचा, असें ग्रंथकार स्पष्ट सांगतो. पूर्वीं त्याच्या घेराला फटी असत व तो डावीकडे बांधीत. अकबरानें घेर गोल करविला आणि बंद उजवीकडे आणविले. मध्य आशियांतील थंड प्रदेशांतून आलेल्या घराण्याच्या तिसऱ्या पिढीनें या देशाचें बिनअस्तराचें वस्त्र आपलेंसें केलें, याचा अर्थ उघड आहे. बादशहालाहि हवामानापुढें मान तुकवावी लागते!

या अंगरख्यांसाठीं ढाक्याची मलमल प्रसिद्ध होती. तिच्या जातींचीं नांवेंच पाहावीं: ‘आबेरवान’ म्हणजे वाहतें पाणी आणि ‘शबनम’ म्हणजे दंव. मोगल चित्रांतून अशा जाम्यांमधून आंतील विजारीचा रंग स्पष्ट दिसतो. चित्रकारानें तो चुकून काढलेला नाहीं. कपडा तितका विरळ होता, हेंच त्याला दाखवावयाचें होतें. थंडीसाठीं कापूस भरून शिवलेलीं वस्त्रें निराळीं असत. एकच वस्त्र बाराहि महिने वापरावें असा अरसिकपणा त्या काळीं नव्हता.

महाराष्ट्रांतहि हीच रीत दिसते. सामान्य शिपायाचा व शेतकऱ्याचा कपडा म्हणजे बाराबंदी. बारा बंदांनीं बांधावयाची, कमरेच्या जरा खालीं येणारी, जाड्याभरड्या सुताची ही आंखूड बंडी. तिला गुंड्या नाहींत, अस्तर नाहीं. उकडूं लागलें कीं चार बंद सोडावे आणि वारा घ्यावा. वरच्या वर्गांत अंगरखा व उपरणें असे. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानें १७९२ सालीं पुणें येथें सवाई माधवराव पेशवे व नाना फडणीस यांचें एक मोठें चित्र काढलें. तें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहे. पेशव्यांच्या गळ्यांत व पगडीवर रत्नें आहेत, पण अंगावरचें वस्त्र पांढरें आणि तलम आहे. वैभव दाखविण्याचें काम मोत्यांकडे सोंपविलें आहे, कपड्याच्या वजनाकडे नव्हे. ऐतिहासिक पोषाख करणाऱ्यानें हा धडा मनांत पक्का ठेवावा.

मग जड पोषाखाची समजूत आली कोठून? तिचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, जपून ठेवलें जातें तें मोलाचें वस्त्र. जुन्या काळीं मोठ्या अधिकाऱ्याला नेमणुकीच्या वेळीं मानाचा पोषाख मिळे. पेशवाईचीं ‘वस्त्रें मिळालीं’ हा शब्दप्रयोग त्यांतूनच आला. असा पोषाख प्रसंगापुरता अंगावर चढे आणि मग पेटींत जाई. म्हणून तो टिकला. रोज वापरला जाणारा मलमलीचा अंगरखा मात्र धुऊन धुऊन विरला, मग त्याचें बाळाचें दुपटें झालें आणि अखेर तो गोधडींत गेला. जें उरलें तेंच सर्वांनीं वापरलें असावें, असा चुकीचा तर्क नंतरच्या लोकांनीं केला. दुसरें कारण रंगभूमीचें. दिव्यांच्या उजेडांत मखमल व टिकल्या चमकतात आणि दुरून भरजरी दिसतात. १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीनें तर उंची पोषाखांचा मोठा लौकिक मिळविला. बोलपटानें तोच थाट पुढें चालविला. हा नाट्यधर्म झाला; त्याला इतिहास समजणें योग्य नव्हे.

आतां प्रत्यक्ष अंगरखा मिळविण्याकडे येऊं. पहिली परीक्षा कापडाची. दुकानांत ‘सुती’ म्हणून दिलें जाणारें कापड पुष्कळदां मिश्र धाग्याचें असतें. कापडाच्या कडेचे दोन धागे काढून काडीच्या ज्योतीवर धरावे. कापूस कागद जळल्यासारखा वास देऊन जळतो व त्याची मऊ करडी राख होते. पॉलिएस्टर वितळतें आणि त्याचा कठीण मणी बनतो. ही परीक्षा मोठ्या माणसानें, मोकळ्या जागीं, धागे चिमट्यांत धरून करावी. दुसरी परीक्षा ज्योतीविना होते: कापड तोंडाला लावून फुंकर मारावी आणि पलीकडे हात धरावा. फुंकर हाताला लागली तर वाराहि आंत जाईल.

वजनाचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. मोठ्या माणसाच्या घेरदार अंगरख्याला साडेपांच चौरस मीटर कापड लागतें असें धरूं. मलमलीचें वजन चौरस मीटरला साधारण ७० ग्रॅम. म्हणजे सगळा अंगरखा चारशें ग्रॅमांच्या आंत झाला. मखमलीचें वजन साधारण ३०० ग्रॅम धरलें तर तोच अंगरखा १६५० ग्रॅम भरतो, आणि त्याला अस्तर व जरीची किनार जोडली कीं दोन किलोंच्या वर जातो. पांचपट ओझें अंगावर घेऊन जें मिळतें तें इतिहासाच्या विरुद्धच!

मावळ्याच्या भूमिकेला मांजरपाट किंवा जाडसर खादी बरी. कारकून, शास्त्री, सावकार, फडावरचे लोक यांना पांढरी मलमल शोभते. सरदाराला रंग व चकाकी हवी असेल तर दोन चांगलीं कापडें आहेत. चंदेरीच्या प्रचलित जातींत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असल्यानें ती झिरझिरीत असूनहि झळाळते. मशरू याहूनहि युक्तीचें कापड आहे. त्याची वीणच अशी कीं रेशीम बाहेरच्या अंगाला दिसतें आणि सूत आंतल्या अंगाला राहतें. पाहणाऱ्याला रेशमाची झळाळी व घालणाऱ्याला सुताचा स्पर्श. तें मलमलीइतकें हलकें नाहीं, म्हणून सकाळच्या किंवा सायंकाळच्या प्रसंगासाठींच तें ठेवावें.

दुसरी बाब शिवणीची. शिंप्याला सर्वांत आधीं सांगावें तें ‘अस्तर नको’ हें. खांद्यावर व गळ्याभोंवतीं बळकटीसाठीं त्याच कापडाची एक पट्टी आंतून लावली कीं पुरे. काखेंत चौबगला अवश्य घालावा. हा चौकोनी तुकडा जुन्या शिवणींत असतोच. त्यानें हात मोकळा वर जातो, काख फाटत नाहीं आणि घामाच्या जागीं हवा खेळते. कमरेखालीं कळ्या जोडून घेर द्यावा. चालतांना हा घेर पुढेंमागें हालतो आणि भात्यासारखी आंतील हवा बाहेर ढकलतो. बाह्या मनगटाशीं अरुंद असाव्या, पण दंडाला सैल. चेन किंवा चिकटपट्टी न लावतां बंदच लावावे, कारण ते घालणाऱ्याला स्वतःच्या हातानें क्षणांत सोडतां येतात. बंद कोणत्या बाजूला यावे, हें ज्या व्यक्तीचा वेष घ्यावयाचा तिच्या काळचें चित्र पाहून ठरवावें. उत्तर हिंदुस्थानांत हिंदूंनीं डावीकडे व मुसलमानांनीं उजवीकडे बांधण्याचा प्रघात पडला होता, आणि जाणकार प्रेक्षकाची दृष्टि प्रथम तेथेंच जाते.

कापड बेतण्यापूर्वीं रात्रभर पाण्यांत भिजवून वाळवावें, नाहीं तर पहिल्या धुण्यांतच अंगरखा आटतो. घेराला डौल यावा म्हणून खळ द्यावयाची असल्यास ती कमरेखालींच द्यावी. छातीपाठीला दिल्यास कापडाचीं छिद्रें बुजतात. जरीची किनार गळा, मनगट आणि घेराचा कांठ एवढ्याच ठिकाणीं लावावी. कमरेचा शेला सुती असावा व तो श्वास अडेल इतका आवळूं नये. पुठ्ठ्याच्या पगडीऐवजीं जुन्या मऊ धोतराचें मुंडासें बांधतां आलें तर फारच उत्तम. तें ओलें करून पुन्हां बांधतां येतें.

एखाद्या नाटकांत इंग्रज रेसिडेंट किंवा कंपनीचा अंमलदार असतो. त्यालाहि लोकरीच्या लाल कोटांत शिजविण्याचें कारण नाहीं. अठराव्या शतकांत हिंदुस्थानांत राहणारे युरोपियन लोक घरगुती बैठकींत पांढरीं सुती किंवा लिननचीं जाकिटें घालीत, आणि ‘बनियन’ नांवाचा सैल झगा तर त्यांनीं आशियाई वस्त्रांवरून उचलला. लाल कोट दरबाराच्या एका प्रवेशापुरता ठेवावा. इतर प्रवेशांत पांढरें जाकीट चालतें व खरेंहि दिसतें.

यावर एक आक्षेप येतो. राज्याभिषेकाचा देखावा मलमलींत कसा शोभेल? प्रसंगच जर वैभवाचा असेल तर वैभव दाखवावें. परंतु तें जुन्या लोकांच्या रीतीनें दाखवावें. दरबार छपराखालीं किंवा मंडपांत भरे, डोक्यावर छत्र असे, बाजूला चवऱ्या ढाळीत. मानाचीं वस्त्रें घालून कोणी तीन तास डांबरी रस्त्यावर चालत नसे. मिरवणुकीसाठीं मलमल, आणि सिंहासनावरील दहा मिनिटांच्या देखाव्यासाठीं वरून एक भरजरी शेला, अशी वांटणी केली म्हणजे शोभाहि राहते आणि जीवहि सुखी राहतो.

पोषाख भाड्यानेंच आणणें भाग असेल, तर तो आदल्या दिवशीं आणून आंतून तपासावा. स्पंजाच्या गाद्या बहुधा चार टांक्यांनीं लावलेल्या असतात. मालकाच्या परवानगीनें त्या काढाव्या. अंगांत पातळ सुती बनियन घालावें, म्हणजे निदान पहिला घाम तरी तें टिपून घेतें. मुलाला दर पावतासानें सावलींत नेऊन पाणी पाजावें. तहान लागल्याचें तें स्वतः सांगेल या भरंवशावर राहूं नये. चालतां चालतां मूल गप्प झालें, अडखळूं लागलें, असंबद्ध बोलूं लागलें किंवा त्याचें अंग चटका बसेल इतकें तापलें, तर मिरवणुकीचा मान बाजूला ठेवावा. ताबडतोब अंगरखा उतरवावा, सावलींत निजवावें, अंगावर पाणी शिंपून वारा घालावा आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शरीराचें उष्णतामान ४० अंशांवर गेलें म्हणजे जिवाला धोका असतो, आणि तेथें एकेक मिनिट मोलाचें ठरतें.

ज्यांना जुनीं वस्त्रें प्रत्यक्ष पाहावयाचीं असतील त्यांनीं पुणें येथील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत आणि मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत एक दुपार घालवावी. भरजरी वस्त्रांपुढें सर्वच थांबतात. लघुचित्रांतील सेवक, कारकून व शिपाई यांच्या अंगावर काय आहे, तेंहि बारकाईनें पाहावें. मुलांना सोबत न्यावें आणि अंगरख्याचे बंद कोणत्या बाजूला आहेत, कापडांतून आंतलें कांहीं दिसतें कां, हें त्यांनाच शोधावयास सांगावें. पुढल्या पाडव्याचा अंगरखा मग तीं मुलेंच पसंत करतील, आणि तो बहुधा मलमलीचाच असेल.